अकरा वर्षांचा डबा

तालुक्याच्या गावातलं डीटीपी सेंटर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, बारशापासून दशक्रियेपर्यंतचे फ्लेक्स. शिवाय हल्ली ऑनलाइन फॉर्म आणि आधार-पॅनच्या प्रती. हा सगळा संसार एका कॉम्प्युटरवर चालतो. २०१४ साली सुटे भाग जुळवून घेतलेला: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

२०२५ च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर, मालकांना तो बदलायचा होता. दिवाळीला आलेली त्यांची भाची पुण्यात एका कंपनीच्या कॉम्प्युटरांची देखभाल करते. तिचं म्हणणं, थांबा. अशा वादात म्हातारा जुन्याला चिकटून बसतो आणि तरुण नव्यासाठी भांडतो, असं आपण धरून चालतो. इथे उलट होतं, आणि तेही साहजिकच. ज्याला दिवसभर त्या मशीनसमोर बसावं लागतं तो वैतागलेला असतो. जिने अशी कित्येक मशिनं उघडली आहेत तिला आतलं ठाऊक असतं. दोघांचं बोलणं थोडं छाटून देतो आहे. मधली टिपणी माझी.

मामा : सकाळी बटण दाबायचं, देवाला उदबत्ती लावायची, चहा सांगायचा, तो येईपर्यंत पेपर चाळायचा, मग कुठे कोरल उघडतं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं. त्याला काय सांगू? अकरा वर्षं झाली, यंत्रालाही वय असतं.

भाची : असतं ना. पण सगळ्या भागांचं एकदमच संपत नाही. यातलं नेमकं काय थकलंय ते बघितलंत?

मामा : दुकानदाराने बघितलं की. म्हणाला, आय-सेव्हन टाका, नाहीतर सरळ नवा घ्या.

भाची : बघितलं म्हणजे उघडून?

मामा : फोनवर.

तिने मशीन सुरू करून ताटकळत बसायची तयारी ठेवली आणि डेस्कटॉप दिसताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. कोरल, म्हणजे पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर, उघडायला लावलं. पडद्यावर तीन आकडे. प्रोसेसर बारा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळत होता. मेमरी नव्वदच्या घरात. डिस्क शंभर टक्के, आणि तिथून हलायला तयार नाही.

भाची : बघा. प्रोसेसर बसून आहे. तुम्ही त्याच्या जागी आय-सेव्हन बसवला असता तर तोही असाच बसून राहिला असता, फक्त महागडा.

मामा : मग ही डिस्क काय करतेय एवढं?

भाची : फिरतेय. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी हेड त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. सगळं मिळून बारा-तेरा. मोठी एकसलग फाइल असेल तर ठीक, एकदा जागा सापडली की ती भराभर वाचते. पण विंडोज सुरू होताना, कोरल उघडताना हजारो बारीक फायली हव्या असतात, डिस्कवर इथे-तिथे विखुरलेल्या. तशा उड्या सेकंदाला ऐंशीच्या आसपास, त्यापुढे तिची धाव नाही. तुमच्याकडे फॉन्ट किती आहेत?

मामा : असतील हजारभर. लोकांना प्रत्येक पत्रिका वेगळी दिसायला हवी.

भाची : त्या हजारांची हजेरी कोरल उघडताना घेतली जाते. या डिस्कऐवजी एसएसडी लावली तर तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नाही. तिला तीच उडी मारायला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, तिचे फेरे मिनिटाला १,२०० होते. मामांच्या डिस्कचे ७,२००. अठ्ठावन्न वर्षांत वेग सहापट. साठवण मात्र लाखपटीहून जास्त वाढली. ‘५०० जीबी’ हा आकडा डब्यावर ठळक छापला गेला, आपणही तोच विचारून घेत राहिलो. एवढं पोटात घेतल्यावर त्यातलं हवं ते बाहेर किती वेळात येतं, हे दुकानात कुणी विचारत नसे. आपल्याकडची असंख्य ‘म्हातारी’ मशिनं म्हणजे ठणठणीत प्रोसेसर आणि त्याला ताटकळत ठेवणारी डिस्क, एवढाच प्रकार आहे.

मामा : पण रॅमही नव्वद टक्के दाखवतेय. सगळे म्हणतात, रॅम वाढवा, पळायला लागेल.

भाची : रॅम भरली की विंडोज जास्तीचं डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. म्हणजे रॅमच्या कमतरतेची शिक्षाही डिस्कलाच. दोन्ही गुंतलेलं आहे. तुमच्या बोर्डला दोन स्लॉट, १६ जीबीपर्यंत चालते. डीडीआर-थ्रीच लागेल, त्यानंतरची डीडीआर-फोर तिथे बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. पण थांबा, सिस्टीमची माहिती बघू. हे काय? ४ जीबीतली ३.४१ वापरण्याजोगी. मामा, हे विंडोज ३२-बिट आहे.

मामा : तेव्हा सेव्हन होतं. मग टेन फुकट मिळत होतं तेव्हा त्यावरच चढवलं.

भाची : ३२-बिट सेव्हनवर चढवलं की टेनही ३२-बिटच येतं. याला १६ जीबी लावली तरी साडेतीनच्या पुढे दिसणार नाही.

मामा : म्हणजे गेल्या वर्षी रॅम घेतली असती तर पैसे पाण्यात.

भाची : विकणाऱ्याने सांगितलं असतं तर वाचले असते. रॅम वापरात आणायची तर ६४-बिट विंडोज नव्याने टाकायचं. परवाना तोच चालतो. पण मग कोरल, फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं डाँगल, प्रिंटर, स्कॅनर, सगळं पुन्हा बसवायचं. प्रत्येकाला ६४-बिट ड्रायव्हर हवा. प्रिंटरचा मिळेल. स्कॅनर जुना आहे, त्याचा शोधावा लागेल.

मामा : मग मी काय वेगळं म्हणतोय? एवढा खटाटोप करायचा तर नवाच बरा! आणि तो टेनचा मुद्दा तू शिताफीने टाळतेस. चौदा तारखेला बंद झालं ना ते?

इथे भाची थोडी थांबली. मामांनी नेम धरून मारला होता. विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, म्हणजे त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. मामांचा चौथ्या पिढीचा. त्यात एसएसडी टाका, रॅम टाका, आय-सेव्हन टाका, त्या दारातून आत अधिकृतपणे जाता येत नाही. आडवाटेने ११ बसवणारे आहेत. ज्याच्या मशीनवर दुसऱ्यांची कागदपत्रं असतात त्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

भाची : बंद झालं म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. घरगुती ग्राहकांना दुरुस्त्या आणखी एक वर्ष घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

मामा : मी घरगुती आहे का?

भाची : धंद्यासाठी पैसे मोजून मिळतात.

मामा : म्हणजे मी पैसे भरून एक वर्ष ढकलायचं. त्यात तुझी एसएसडी. त्यात रॅम. मग परत विंडोज. ठिगळावर ठिगळ. त्यापेक्षा दुकानदाराने सांगितलेला तीस-पस्तीस हजारांचा घेतो, वॉरंटी मिळते, बिल मिळतं. आमचे सीए सांगतात, कॉम्प्युटरला चाळीस टक्के घसारा आहे.

भाची : घसारा मिळतो म्हणून खर्च करायचा? त्याने कर थोडा वाचतो, बाकीचे पैसे कोण देणार?

मामा : तू मोजतेस पैशात, मी मोजतो बंद दिवसांत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. त्यात हा बसला तर पत्रिका कोण छापणार? मुहूर्त माझ्या मशीनसाठी पुढे ढकलतील का?

भाची : हा मुद्दा खरा आहे. आता मला सांगा, पाडव्याला नवा घरी आणला. त्यावर पहिली पत्रिका कधी निघेल?

मामा : त्याच दिवशी.

भाची : फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी कुठे आहे?

मामा : कपाटात. असेल.

भाची : नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो. डाँगल त्या विंडोजवर चालेल का, कुणाला विचारलंत? तुमचं कोरल जुनं आहे, ते ११ वर धड चालेल का? वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, सगळं श्रीलिपीत. तो फॉन्ट नसेल तर त्या फायली उघडतील, पण वाचता येणार नाहीत. गणपती आणि मुहूर्ताच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं.

मामा काही बोलले नाहीत. हा या धंद्याचा कळीचा मुद्दा आहे. युनिकोड येण्याआधी मराठी टंकांनी देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसवले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. डीटीपीचा कामगार आजही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये नेतो आणि मग कोरलमध्ये ओततो, कारण जुन्या कोरलमध्ये युनिकोडची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. नव्या मशीनबरोबर नवं कोरल घेतलं तर पुढचं काम सोपं होईल. मागचं सगळं मागेच राहील. ‘कॉम्प्युटर बदलू’ हे दोन शब्द घरच्या कॉम्प्युटरला ठीक आहेत. अशा दुकानात ते म्हणजे बिऱ्हाड हलवणं.

भाची : माझं म्हणणं ऐका. रॅमचं मी सोडलं. तुम्ही बरोबर आहात. ज्या विंडोजचं आयुष्य संपलंय ते पुन्हा टाकण्यात लग्नसराईचे दिवस घालवायचे नाहीत. फक्त ५१२ जीबीची एसएसडी घ्यायची. तीन-साडेतीन हजारांच्या आसपास येईल. जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन त्यावर करायचा. विंडोज तेच, कोरल तेच, फॉन्ट, डाँगल, डी ड्राइव्हवरच्या पत्रिका, सगळं जागच्या जागी. रात्री लावला तर सकाळपर्यंत होईल. ३२-बिटमुळे रॅम अपुरीच राहील. पण जास्तीचं आता एसएसडीवर जाईल, तेव्हा ती चणचण आजच्याएवढी बोचणार नाही.

मामा : आणि बिघडलं तर?

भाची : तर जुनी डिस्क परत जोडायची. दोन वायरी. आज संध्याकाळी जसं होतं तसं उद्या सकाळी. नव्या मशीनमध्ये हे होत नाही, जुना एक्स्चेंजमध्ये दिला की परतीची वाटच नाही.

मामा : एक्स्चेंजमध्ये दोन हजार देतोय तो.

भाची : डिस्कसकट?

मामा : फॉरमॅट मारून देणार ना.

भाची : मामा! यात गावातल्या किती लोकांची आधारकार्डं आहेत? क्विक फॉरमॅटने पुसलं जात नाही काही. अनुक्रमणिका फाडली म्हणून पुस्तक कोरं होतं का? फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातलं बरंचसं परत काढता येतं. डिस्क देऊ नका. द्यायचीच झाली तर पूर्ण फॉरमॅट मारायचा, त्याला तासन्‌तास लागतात, आणि तो एक्स्चेंजवाला करत बसणार नाही.

मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांतून गेल्या दहा-बारा वर्षांत ओळखपत्रांच्या किती प्रती स्कॅन झाल्या असतील आणि त्या आज कुठल्या भंगारात पडल्या असतील, याचा विचार न केलेलाच बरा. खरं तर करायला हवा.

त्यानंतर तिने डबा उघडला. कागदाच्या कापणीची धूळ प्रोसेसरच्या पंख्यावर लोकरीसारखी जमली होती. हिटसिंकखालची पेस्ट वाळून खडखडीत. तापला की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, पण इथे तो बिचारा इतका रिकामा होता की तापायलाही फारसं कारण नव्हतं. तिने पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारला, कारण मोकळा सोडला तर हवेने पंखा वाटेल तसा गरगरतो आणि खराब होऊ शकतो.

भाची : बँकेची साइट उघडत नाही म्हणत होता ना? रोज सकाळी तारीख नीट करावी लागते का?

मामा : हो. २०१४ दाखवतो. तुला कसं कळलं?

भाची : बोर्डवरचा हा सेल संपलाय, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. नेटवाल्याला तुम्ही उगाच शिव्या घालताय. आणि यूपीएस वीज गेली की किती वेळ टिकतो?

मामा : वीज गेली की तोही जातो.

भाची : मग एसएसडीच्याही आधी त्याची बॅटरी. लिहिता लिहिता वीज गेली की एसएसडीलाही ते सोसत नाही.

मामा : बरं, हे झालं. पण मूळ दुखणं तसंच. विंडोज जुनं, नेट चालू, दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागणार, व्हॉट्सअ‍ॅप उघडं. उद्या काही घुसलं तर तुझी एसएसडी त्यालाही भरभर कामाला लावेल.

हे वाक्य मला आवडलं. वेगाच्या नादात भाचीने सुरक्षेला एका वर्षाची सवलत दाखवून बाजूला सारलं होतं, मामांनी सुरक्षा पुन्हा टेबलावर आणून ठेवली.

भाची : म्हणून याला नेटपासून तोडायचं. पत्रिका, अहवाल, फ्लेक्स एवढंच याच्यावर. फॉर्म, आधार, बँक, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या मशीनवर. मजकूर तिथे उतरवायचा, पेन ड्राइव्ह तिथेच तपासायचा, मग इकडे आणायचा.

मामा : दुसरं मशीन म्हणजे नवा. म्हणजे मी सकाळपासून सांगतोय तेच.

भाची : नवा घ्यायचाच. पण याच्या जागी नाही, याच्या शेजारी. आणि फॉर्म भरायला तीस-पस्तीस हजारांचा लागत नाही. कंपन्या आठव्या-नवव्या पिढीची मशिनं काढून टाकतात, ती नीट करून विकतात. त्यांवर ११ अधिकृतपणे चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, पुण्यातही बघते. फक्त ब्रँडेड डबा असेल तर त्याचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा त्याच कंपनीचा, वेगळ्या जोडणीचा असतो. गेला की बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. घेताना ते विचारून घ्यायचं.

मामा : दुसऱ्याचं वापरलेलं, पाडव्याला?

भाची : मग नवा घ्या, पण आय-सेव्हन या नावाला भुलू नका. तो दुकानदार तुमच्या बोर्डमध्ये चौथ्या पिढीचाच आय-सेव्हन घालणार होता, तोही वापरलेला. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री त्याला मागे टाकतो. आधी पिढी विचारायची, मग आय-किती ते.

मामा : आणि हा जुना किती वर्षं काढेल?

भाची : खरं सांगू? दोन. नशीब असेल तर तीन. बोर्डवरचा एखादा कपॅसिटर फुगला की संपलं. असला बोर्ड नवा मिळत नाही. त्या दोन वर्षांत जुनी महत्त्वाची कामं पीडीएफ करून ठेवायची, नेहमीच्या पत्रिका युनिकोडमध्ये आणायच्या. दहा वर्षं चालेल असं सांगून मी तुम्हाला एसएसडी विकणार नाही.

मामा : दोन वर्षांसाठी साडेतीन हजार.

भाची : शिवाय बॅटरी आणि सेल.

मामांनी कॅलेंडर उलटलं, तुळशीच्या लग्नाची तारीख बघितली आणि कामाला येणाऱ्या पोराला बॅटरीचा दर विचारायला पाठवलं. मला विचाराल तर दोघेही आपापल्या पहिल्या मुद्द्यावर अर्धे चुकले होते. ती रॅमवर अडली, ते डिस्कवर. रॅम वगळली गेली ती मामांमुळे. डबा एक्स्चेंजमध्ये गेला नाही तो भाचीमुळे. आय-सेव्हन मात्र दोघांनाही नको होता, आणि फोनवर झालेलं निदान एवढ्यासाठीच बाद ठरलं की कुणीतरी तीन कळा दाबून तीन आकडे बघितले.

भाची : आज रात्री आधी डिस्कची तब्येत तपासते. सेक्टर मरायला लागले असतील तर क्लोन अर्ध्यात अडकेल, म्हणून पत्रिकांची फोल्डर आधी बाहेर काढून घेऊ. एसएसडी उद्या आणते. बिल कुणाच्या नावावर करू?

मामा : दुकानाच्या. आणि त्याला विचार, एसएसडीला घसारा किती बसतो.